दोघंच जा आणि स्वयंपाक स्वतः करा: इंदूरजवळ कॉटेज घेऊन राहायचंय तर

इंदूरच्या मराठी घरात "आम्ही दोघं दोन दिवस जरा बाहेर जाऊन येतो" म्हटलं की पहिला प्रश्न येतो "कुठे?" आणि लगेच दुसरा, "अगं मग आम्हीपण येतो की, मांडू बघून किती वर्षं झाली". मग दोन गाड्या, मावशी, आत्या, मुलं, डब्यात पुऱ्या नि बटाट्याची भाजी, सातला निघायचं ठरवून साडेनऊला निघणं आणि रात्री परत. त्यातही मजा असते, नाही असं नाही, पण मी इथे सांगतेय ते वेगळं प्रकरण आहे. शेतात किंवा टेकडीच्या कडेला एक छोटंसं घर, एक खोली, ओटा, गॅस, पुढे ओसरी आणि दोन रात्री फक्त तुम्ही दोघं, बुफे नाही, रूम सर्व्हिस नाही, जे खायचं ते आपल्या हातचं.

यात गोची एकच आहे आणि ती आधीच बोलून टाकते. "स्वयंपाक स्वतः करायचा" याचा अर्थ बहुतेक घरांत "तिने करायचा" असा निघतो. मग बाई इंदूरच्या ओट्यापासून निघते आणि चाळीस किलोमीटरवर दुसऱ्या ओट्यापाशी उभी राहते, तिथे तर मिक्सरसुद्धा नसतो, आणि साहेब ओसरीत बसून "काय हवा आहे यार" करत फोटो टाकतात. याला रोमँटिक हॉलिडे म्हणत नाहीत. म्हणून पुढचं सगळं, म्हणजे जागा कुठली घ्यायची, काय विचारायचं, काय न्यायचं, हे एकाच हिशोबाने लिहिलंय, की ओट्यापाशी वेळ कमी जावा आणि जो जाईल तो दोघांचा मिळून जावा.

कुठे जायचं

इंदूरचं नशीब असं की तासाभरात गाव सुटतं. सगळ्यात जवळचं म्हणजे खंडवा रोड, सिमरोलचा घाट उतरला की चोरलचा पट्टा लागतो, नदी, धरण, सागाचं जंगल, आणि गेल्या काही वर्षांत तिथे फार्महाउस नि कॉटेज भरपूर झालीयेत. पहिल्यांदाच असं जाणार असाल तर हेच घ्या, कारण काही राहिलं-विसरलं, घरून फोन आला, तर दीड तासात परत येता येतं. तोटा हाच की जवळ असल्यामुळे शनिवारी इथे अख्खं इंदूर येतं, आणि बाजूच्या फार्मवर कुणाच्या बर्थडेचा डीजे लागला की तुमचं चांदणं गेलं कामातून. चोरल घ्यायचं तर सोमवार ते गुरुवार, मधल्या वारी घ्या.

महू-मानपूरची बाजू मला जास्त आवडते. जानापावची टेकडी तिथलीच, चंबळ नदीचा उगम तिथला मानतात आणि परशुरामाचं जन्मस्थानही, उंची साडेआठशे मीटरच्या वर, पावसाळ्यात ढग अक्षरशः अंगावरून जातात. इथे शेतातली घरं मिळतात, रिसॉर्ट कमी. पाताळपाणीचा धबधबा जवळ आहे आणि पाताळपाणी ते कालाकुंड ती छोटी मीटरगेज हेरिटेज गाडी, २०१८ च्या डिसेंबरात सुरू झालेली, बोगदे नि दऱ्या बघत जाते. तिचे दिवस हंगामाप्रमाणे बदलतात, तेव्हा निघायच्या आधी रेल्वेच्या साइटवर बघून घ्या, तिच्या भरवशावर अख्खा प्लॅन बांधू नका. कालाकुंडला उतरलात तर पळसाच्या पानावरचा कलाकंद मात्र खाल्ल्याशिवाय येऊ नका.

मांडू शंभर किलोमीटरच्या आसपास, धारच्या रस्त्याने. पावसाळ्यात मांडू म्हणजे काय हे इंदूरच्या माणसाला सांगायला नको, नालछा सोडलं की हिरवं सुरू होतं आणि काकडा खोहच्या दरीपाशी गाडी आपोआप थांबते. पण मांडूत राहायचं ते गर्दी आणि उन्हं उतरल्यावरच्या आणि सकाळच्या वेळेसाठी. दिवसा येणारी मंडळी पाचच्या सुमाराला निघून जातात, आणि सकाळी उघडल्या-उघडल्या रूपमतीच्या मंडपावर पोचलात तर वर तुम्ही दोघं, एखादा चौकीदार आणि खाली निमाडचं मैदान, हवा स्वच्छ असेल तर लांब नर्मदेची चंदेरी रेघ. मुंज तलाव आणि कपूर तलावाच्या मधला जहाज महाल दुपारी बघू नका, फरश्या तापतात.

महेश्वर हे चौथं, नव्वद-पंच्याण्णव किलोमीटर. हे मी थंडीतच सुचवेन. माळव्याचं पठार साधारण साडेपाचशे मीटरवर आहे आणि महेश्वर त्याच्या खाली नर्मदेच्या काठावर, त्यामुळे इंदूरला मे महिन्यात निदान रात्री वारा तरी सुटतो, तिथे भट्टी असते. डिसेंबर-जानेवारीत मात्र झकास. अहिल्याबाईंनी १७६७ पासून कारभार इथूनच पाहिला, आपल्यातल्या बहुतेकांच्या पणज्यांच्या गोष्टी तिथे जाऊन टेकतात, त्यामुळे घाटावर गेलं की जरा घरच्यासारखंच वाटतं. पण घाटाला लागून जी घरं भाड्याने मिळतात त्यांत ओटा असेलच असं नाही, तेव्हा गावाबाहेर मंडलेश्वरच्या बाजूला शेतातलं घर बघा.

हंगामाचं थोडक्यात: जुलै ते सप्टेंबर हिरवं पण चिखल, नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात आरामाचं, मार्च अर्धा ठीक, एप्रिल-मे नका करू. उगाच "स्विमिंग पूल आहे ना" म्हणून मे महिन्यात जाणारे असतात, ते दिवसभर एसीत बसून येतात, मग घरचा एसी काय वाईट होता.

फोनवर काय विचारायचं

फोटो बघून बुक करू नका, भिया. फोटोत खाट दिसते, पडदे दिसतात, पाण्यावरचा सूर्यास्त दिसतो, ओटा कधीच दिसत नाही. तुम्ही विचारता, "भैया, किचन है?" उत्तर येतं, "हाँ मैडम, सब है". या "सब है" मध्ये एक गॅसची शेगडी, दोन पातेली आणि बिनाकानाची एक कढई असू शकते. म्हणून व्हिडिओ कॉल मागा, सरळ सांगा, भैया जरा किचन दिखा दो, ओट्याखालचा कप्पा उघडून दाखवा. चांगली माणसं हसत दाखवतात, जो टाळाटाळ करतो त्याचं तुम्हीच समजून घ्या.

बघायचं काय, तर शेगडी गॅसची की इंडक्शनची. इंडक्शन दीड-दोन हजार वॉट खेचते, वीज गेली की इन्व्हर्टरवर ती चालत नाही, आणि शेतातल्या घरात वीज जातेच. हा मुद्दा नीट विचारा, घर गावाच्या घरगुती लाइनवर आहे की शेतीच्या फीडरवर. शेतीच्या फीडरवर दिवसाला साधारण दहा तासच पुरवठा असतो, तोही पाळीने, कधी दिवसा कधी रात्री. मालक सांगणार नाही, त्याला त्यात विशेष वाटतच नाही, पण थंडीत पहाटे गिझर लावायला गेलात की कळतं. इन्व्हर्टर असेल तर त्यावर काय काय चालतं तेही विचारा, पंखा आणि दिवे एवढंच असतं बहुधा.

पाण्याचंही तसंच. बोरचं पाणी अंघोळीला ठीक, प्यायला आणि डाळ शिजवायला जड, डाळ शिजता शिजत नाही. वीस लिटरचा एक कॅन गाडीत टाका, दोन दिवस दोघांना पुरतो.

मग केअरटेकर. तो कुठे राहतो, मागच्या खोलीत की गावात, रात्री येणार का, आणि चावी कुणाकडे. चौकीदार जवळ असणं सुरक्षेच्या दृष्टीने चांगलं, पण "मैडम कुछ चाहिए?" म्हणत दर तासाला दार वाजवणारा नको, तेव्हा आधीच प्रेमाने सांगून ठेवा की गरज लागली तर आम्हीच फोन करू. कॅमेरे कुठे आहेत हे बिनधास्त विचारा, गेटवर असला तर ठीक, ओसरीकडे तोंड करून असेल तर दुसरं घर बघा. आणि पडदे! फार्महाउसवाल्यांना मोठमोठ्या काचांची हौस आणि पडद्यांचा कंटाळा. दोन जुन्या साड्या आणि डझनभर कपड्यांचे चिमटे बॅगेत असू द्यात, आत शिरल्यावर पहिलं काम तेच.

ओळखपत्र दोघांचं लागतं. आधारची झेरॉक्स देण्यापेक्षा यूआयडीएआयच्या साइटवरून मास्क्ड आधार काढून न्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. लग्न झालेलं असो-नसो, दोन सज्ञान माणसांनी एकत्र खोली घेऊ नये असा कुठला कायदा नाही, पण मालकाचे स्वतःचे नियम असतात, रात्री नऊ वाजता गेटवर वाद घालण्यापेक्षा बुकिंगच्या वेळीच स्पष्ट विचारून व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या. ॲडव्हान्स थोडाच द्या, बाकी पोचल्यावर. आणि रोख पैसे जवळ ठेवा कारण घाटात उतरलं की नेटवर्क जातं नि यूपीआय फिरत बसतं. नकाशा घरूनच डाउनलोड करून ठेवा. मध्य प्रदेश टुरिझमकडे नोंदवलेले होमस्टे आणि फार्म स्टे असतात, पहिल्यांदा जाणाऱ्यांनी त्यातून निवडलं तर निदान कुणाकडे तक्रार करायची ते माहीत असतं.

आता खाणं, हाच खरा भाग

नियम माझा असा आहे, की एकूण जेवणांपैकी निम्मीच स्वतः करायची. बाकी एक केअरटेकरच्या घरून, एक रस्त्यावर. दोन रात्रींत तीन वेळा ओट्यापाशी उभं राहिलात तरी खूप झालं. आणि मेन्यू घरूनच ठरवून न्यायचा, तिथे जाऊन "काय करायचं गं?" हा प्रश्न विचारणाऱ्याने भांडी घासायची.

पहिली रात्र मुगाच्या डाळीची खिचडी. हसू नका. तुम्ही चारला पोचणार म्हणता, सहाला पोचता, पडदे लावता, पाली हाकलता, चहा होतो, अंधार पडतो, भूक लागते. त्या वेळी कुकरला तीन शिट्ट्या, वर घरचं तूप, पोह्याचा पापड गॅसवर भाजलेला, लिंबाचं लोणचं, ओसरीत चटई टाकून. त्यापुढे कुठलंही कँडल लाइट डिनर टिकत नाही. डाळ-तांदूळ, हळद, हिंग, मीठ सगळं मोजून एकाच डब्यात कोरडं भरून न्या, तिथे फक्त धुवायचं आणि पाणी घालायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळचे पोहे त्याने करायचे. यावर तडजोड नाही. आपल्या घरांत कांदेपोहे होतात आणि छप्पन दुकानला जाऊन इंदुरी पोहे खातात, तर इथे इंदुरीच करा, कारण ते पुरुषांना जमतात, घाई नसते त्यात. जाड पोहे चाळणीत धुऊन निथळायचे, मीठ, साखर, हळद लावून दहा मिनिटं तसेच ठेवायचे. थोड्या तेलात मोहरी, बडीशेप, हिरवी मिरची, की पोहे त्यात परतून घ्यायचे. मग खाली पातेल्यात पाणी उकळत ठेवून वर चाळणीत पोहे नि त्यावर झाकण, वाफेवर राहू द्यायचे, बायको उठेपर्यंत. ती उठल्यावर वरून बारीक कांदा, शेव, डाळिंबाचे दाणे, जीरावन (पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला), लिंबू. शेव नि जीरावन घरून न्यायला विसरलात तर गावच्या किराण्यात शेव मिळते, जीरावन मिळेलच असं नाही. नवऱ्याला स्वयंपाक अजिबात येत नसेल तर आदल्या आठवड्यात रविवारी घरी एकदा करून घ्या त्याच्याकडून, आईंच्या देखत. आई म्हणतील "अगं तो कशाला", तर "आई, त्यालाच हौस आलीय" म्हणायचं आणि बाहेर येऊन बसायचं.

भाद्रपदाच्या आसपास जाणार असाल तर एक जेवण भुट्ट्याचं कीस. रस्त्यात कोवळी कणसं मिळतात, नख लावलं की दूध येईल अशी निवडा, चार-पाच पुरतात. हा पदार्थ दोघांनीच करायचा असतो, एकट्याने केला तर कंटाळवाणा. एकाने किसणीवर कणीस धरायचं, आणि ते किसताना दाण्यांचं दूध चष्म्यावर, नाकावर, समोरच्याच्या गालावर उडतं, त्यात अर्धा वेळ हसण्यातच जातो. दुसऱ्याने कढईत तूप, जिरं, हिंग, मिरची. कीस घातला की मंद आचेवर हलवत राहायचं, हात थांबला की बुडाला लागतो, कच्चा वास जाऊन कडेने तूप सुटायला लागलं की अर्धी वाटी दूध, मीठ, चिमूटभर साखर, परत झाकण. लिंबू, कोथिंबीर, जमलं तर ओलं खोबरं. किसणी मात्र आपली न्या.

थंडीत गराडू, तो माळव्यातला कंद. सोलायचं काम घरीच, आदल्या दिवशी, हाताला तेल लावून कारण खाज सुटते. तुकडे वाफवून डब्यात, तिथे फक्त तळायचे आणि वर जीरावन-लिंबू. अंगणात शेकोटी आणि हातात गराडूची प्लेट, बाहेर आठ-नऊ डिग्री. झालं.

दाल-बाफले हवेतच असं म्हणणारे असतात. करा, पण डोकं लावून. जाडसर गव्हाच्या पिठात थोडं मक्याचं पीठ, ओवा, मीठ, हळद, तुपाचं मोहन, दोन चमचे दही, घट्ट मळून गोळे, आणि ते उकळत्या पाण्यात वर तरंगेपर्यंत उकडायचे, इथपर्यंतचं घरीच उरकून कापडात गुंडाळून न्या. तिथे उरतं ते फक्त भाजणं. केअरटेकरला आधी सांगितलं तर तो गोवऱ्या पेटवून निखारे तयार ठेवतो, त्यात बाफले पुरायचे, उलटसुलट करायचे, वरचं साल तडकलं की काढून राख झटकायची, फोडायचे आणि तुपात बुडवायचे. तुपात कंजुषी करायची असेल तर बाफले करू नका, पोळ्या करा. गोवऱ्यांचा धूर डोळ्यात जातो तेव्हा हे काम वाऱ्याकडे पाठ करून बसायचं. आणि हे दुपारच्या जेवणालाच, कारण बाफल्यांनंतर माणूस कामाचा राहत नाही, दोघंही ओसरीत आडवे होता, आणि सुट्टीत तेवढं तर व्हायलाच हवं.

मांडू-धारच्या बाजूला राहिलात तर एक जेवण केअरटेकरच्या बायकोला सांगा, दाल-पानिया. मक्याच्या पिठाच्या जाड चानक्या पानांत दाबून गोवऱ्यांवर भाजतात, भिल्लांच्या घरातला पदार्थ, पानाच्या शिरा त्यावर उमटलेल्या असतात, सोबत उडदाची डाळ आणि लसणाची चटणी. पैसे तिच्या हातात द्या, मालकाच्या नाही. आणि मांडूत रस्त्यावर ती मोठी मखमली सालीची "मांडू की इमली" विकतात ना, गोरखचिंचेची, ती एक फोडून घ्या, आत पांढरा भुसभुशीत आंबट गर, काळ्या बियांना चिकटलेला, चोखत फिरायला मस्त.

ओट्यासाठी घरून न्यायचं सांगते, एका दमात: धारदार सुरी (तिथली सुरी टोमॅटोसुद्धा कापत नाही), कुकर आणि त्याची रिंग तपासून, सांडशी, लायटर आणि शिवाय काडेपेटी, चहाची गाळणी, मिसळणाचा डबा तसाच्या तसा, आलं-लसूण-मिरचीचा ठेचा, दाण्याचं कूट, तूप, तेलाची छोटी बाटली, भांड्याचा साबण नि घासणी, दोन फडकी, चटई, विजेरी. किराणा सियागंजातून पोत्याने आणू नका, दोन माणसं आहात, बारसं नाहीये. दूध, भाजी, अंडी गावातून घ्या.

काम कसं वाटायचं

ज्याने शिजवलं त्याने घासायचं नाही. एवढं एक पाळलं तरी पुष्कळ. काही जण केअरटेकरच्या बायकोला भांड्यांचे वेगळे पैसे देतात, तेही चांगलं, दोघांचाही वेळ वाचतो. चहा जो आधी उठेल त्याचा. आणि ती पदार्थ करत असताना "आई असं करत नाही" हे वाक्य माळवा आणि निमाड दोन्ही ठिकाणी निषिद्ध आहे. तो करत असताना "सरक, मी करते" हेही. जळू दे एखादा पापड.

घरी काय सांगायचं, हाही कामाचाच भाग. खोटं सांगू नका, कॉन्फरन्स वगैरे, कारण इंदूर लहान आहे, सानंद संस्थेच्या नाटकाला कुणीतरी भेटतंच आणि विचारतं "काय, चोरलला दिसलात परवा". सरळ "आई-बाबा, आम्ही शुक्रवारी नाही, बुधवारी चाललोय" म्हणा. मधला वार ऐकला की सोबत येणाऱ्यांची यादी आपोआप कमी होते, सगळ्यांच्या बँका, शाळा, योगा क्लास असतात. मुलं असतील तर आजी-आजोबांकडे, आणि परत येताना आजीसाठी काहीतरी आणायचंच.

रोमान्सचं म्हणाल तर

"हनिमून डेकोरेशन पॅकेज" म्हणून गादीवर गुलाबाच्या पाकळ्या आणि टॉवेलचे हंस करून देतात, त्यावर पैसे घालवू नका, रात्री त्या पाकळ्या अंगाला चिकटतात आणि मुंग्या येतात. त्यापेक्षा निघताना राजवाड्याहून एक गजरा घ्या, ओल्या रुमालात. मेणबत्त्या ओसरीतल्या वाऱ्यात टिकत नाहीत, काचेच्या उभ्या बरणीत ठेवा किंवा कंदील न्या. तारीख ठरवताना कालनिर्णय उघडा: तारे बघायचे तर अमावास्येच्या आसपास, नर्मदेवर चांदणं हवं तर पौर्णिमा.

महेश्वरला संध्याकाळी घाटावरून नाव करून नदीच्या मधल्या बाणेश्वराच्या देवळापर्यंत जाऊन या, भाव आधी ठरवून. आणि साडी घ्यायची असेल तर त्याला निवडू द्या. महेश्वरीची किनार दोन्ही बाजूंनी सारखी असते, साडी उलटी-सुलटी कशीही नेसता येते, हे विणकर माग थांबवून स्वतः दाखवतात. रंग चुकीचा निवडला तरी नेसा एकदा.

फोन एका वेळी एकाचाच चालू. पत्ते न्या. आणि न बोलता बसावंसं वाटलं तर बसा, "तू गप्प का आहेस" असं सारखं विचारू नका, पंधरा वर्षांच्या संसारात शांत बसायला जागा मिळालीय ती अशी घालवू नये.

जपायचं काय

पावसाळ्यात धबधब्याच्या खालच्या पात्रात उतरायचं नाही, दगडावर बसून सेल्फी तर नाहीच. पाताळपाणीला जुलै २०११ मध्ये एक कुटुंब डोळ्यांदेखत वाहून गेलं होतं, वर डोंगरात पाऊस पडतो आणि इथे ऊन असताना लोंढा येतो, आवाज ऐकू येईपर्यंत वेळ गेलेली असते. पाणी गढूळ झालं किंवा अचानक वाढलेलं वाटलं की लगेच बाहेर.

काळ्या मातीचा रस्ता हा दुसरा. कोरडा असेल तर दगडासारखा, एक सर आली की चाकाला किलो-किलो माती चिकटते आणि गाडी जागच्या जागी फिरते. घर पक्क्या रस्त्यापासून किती लांब आहे ते विचारा, आणि पाऊस असेल तर गाडी पक्क्या रस्त्यावरच ठेवून सामान हाताने न्या. अडकलातच तर गावातल्या ट्रॅक्टरवाल्याचा नंबर केअरटेकरकडे असतो.

महेश्वरला जाताना मानपूरच्या पुढे गणपती घाटाचा उतार आहे, तिथल्या जुन्या रस्त्यावर ट्रकचे ब्रेक निकामी होऊन अपघात झालेत, आता उतरायला नवा रस्ता झालाय, तरी ट्रकच्या पुढे रेंगाळू नका, गियरमध्ये उतरा. अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचायचं. चोरल, महू, मानपूरच्या जंगलात बिबटे आहेत, घाबरायचं काही नाही, पण रात्री दोघांनी हातात हात घालून शेताच्या कडेने फिरायला जाण्याची हौस अंगणापुरती ठेवा आणि खरकटं बाहेर टाकू नका, त्याने कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या. पावसाळ्यात बूट झटकून घालायचे, बाथरूमला जाताना विजेरी.

निघताना

कचरा गाडीत घालून इंदूरला आणा. आपण २०१७ पासून स्वच्छतेत पहिले म्हणून मिरवतो, आणि घाटाच्या वळणावर चिप्सची पाकिटं आपलीच असतात. ओलं तिथल्या गुरांना किंवा खड्ड्यात, सुकं पिशवीत, घरी आल्यावर सकाळच्या कचरागाडीत. डिपॉझिट परत घेण्याआधी केअरटेकरसोबत भांडी मोजून द्या, सिलेंडरची नॉब बंद झाल्याचं दोघांनी पाहा, आणि आपली सुरी, किसणी, कुकरची शिट्टी बॅगेत गेली का बघा, या तीनच वस्तू राहतात नेहमी. रविवारी परतत असाल तर जेवण उरकून दोनलाच निघा, चारनंतर घाटात सगळं इंदूर एकदम परत येत असतं.